फोन नीट धरा

११ जुलै २०१६. गुजरातेतलं उना. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं. व्हिडिओ काढला कुणी? मारणाऱ्यांनीच! दहशत बसावी म्हणून. तोच त्यांच्यावर उलटला. गुजरातभर आपली माणसं रस्त्यावर उतरली.

दोस्तांनो, आता फोन आपल्याही खिशात आहे. पण साला, गेल्या मोर्च्यात मी काढलेल्या व्हिडिओत लाठी दिसतच नाही. दिसतात नुसत्या चपला नि आभाळ.

म्हणून शिकलो, ते सांगतो. कॅमेऱ्याची काच सदऱ्याला पुसा. फोन आडवा धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा. सूर्य पाठीशी ठेवा. आधी लांबून सगळी जागा घ्या : पाटी, रस्ता, गाडीचा नंबर. मग जवळचं. दर ठिकाणी दहा आकडे मोजेपर्यंत हलू नका. झूम ओढलं की चित्र फुटतं. जमेल तर पायानं पुढं व्हा. मूळ फाईल कापू नका, पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या नकलेत बारकावे मरतात. आणि जिच्यावर अत्याचार झाला तिचा चेहरा बाजारात मांडू नका.

कविता मी लिहितोच. पण कोर्ट कविता वाचत नाही, पुरावा मागतं.