सेरेब्लॉन कुणाचं होतं?

पुन्हा तेच! ‘उंदरांचा कॅन्सर बरा, निरोगी पेशींना धक्काही नाही’ अशी बातमी एका वाहिनीने या आठवड्यात दिवसभर चालवली. विषय जीएसपीटी1 जनुकाचा. तयार झालेली प्रथिनाची साखळी रायबोसोमवरून सोडवायला लागणारं ईआरएफ3ए प्रथिन या जनुकापासून बनतं. ते नष्ट केलं की रायबोसोम साखळीच्या शेवटाशी अडकतात आणि ल्युकेमियाच्या पेशी मरतात. इथवर बातमी खरी; 2016 मध्ये सीसी-885 या रेणूने ते दाखवलंच होतं.

‘निरोगी पेशींना धक्का नाही’ हे मात्र मला मान्य नाही. सीसी-885सारखी ही औषधं थॅलिडोमाइडच्या घराण्यातली. ती सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्याकरवी ईआरएफ3एचा निकाल लावतात. या सेरेब्लॉनमधली एकच जागा बघा: माणसात तिथे व्हॅलिन हे अमिनो आम्ल, उंदरात आयसोल्युसिन. फरक एका कार्बनचा, पण तेवढ्याने उंदराच्या पेशीत औषध निकामी ठरतं. आणि प्रयोगात करतात काय? माणसाची गाठ उंदराच्या अंगात रुजवतात. गाठीतलं सेरेब्लॉन माणसाचं. यकृत, आतडी, हृदय यांतलं उंदराचं. औषध गाठ तेवढी मारणार आणि उंदीर ठणठणीत राहणार, हे आधीच ठरलेलं! माणसाच्या मात्र प्रत्येक पेशीला जीएसपीटी1 जनुक लागतं.

याच जातीचं सीसी-90009 हे औषध ल्युकेमियाच्या रुग्णांना दिलं, तेव्हा काहींच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलं, रक्तदाब उतरला. पुढे त्या औषधाचं काम थांबलं. ती बातमी कुणी चालवली? फसलेल्या चाचण्याही तितक्याच ठळक द्या, हे या सदरात मी कितीदा लिहिलं आहे, आणि लिहीत राहणार आहे. ‘कॅन्सर बरा’ असल्या बातम्या घेऊन रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांच्या दारात उभे राहतात.

विश्वास ठेवायचा तर वेगळ्या उंदरांवर. 2018 मध्ये संशोधकांनी उंदराच्या सेरेब्लॉनमधली ती एकच जागा माणसासारखी केली, आणि थॅलिडोमाइडने त्यांचे गर्भ दगावू लागले. ज्या औषधाने 1961 पर्यंत हजारो बाळं अपंग जन्मली, तेच हे. अशाच बदललेल्या उंदरांवर 2022 मध्ये जीएसपीटी1 नष्ट करण्याची परीक्षा झाली. त्यात रक्ताच्या निरोगी मूळ पेशी तगल्या, आणि टीपी53 जनुक बिघडलेल्या ल्युकेमियाच्या पेशीही मेल्या. त्या प्रकारच्या ल्युकेमियावर केमोथेरपी फारशी चालत नाही. त्या रुग्णांच्या घरच्यांना आशा दाखवायची असेल तर या प्रयोगाची दाखवा, कॅल्शियम आणि रक्तदाबाची गोष्ट न लपवता.