माझी लेक फुकट शिकत नाही

संस्थाचालक साहेब,



माझी लेक तुमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. सीईटी देऊन, कॅप फेरीतून आलेली. व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तुमच्या कार्यालयात असणारच. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मंच माफ होतं. उरलेलं निम्मं जमेना, म्हणून आमच्या गल्लीतल्या हुशार मुली बारावीनंतर बोहल्यावर चढल्या.

असं असताना प्रवेशाच्या दिवशी तुम्ही आमच्याकडून पूर्ण शुल्काचा पुढच्या तारखेचा चेक घेतलात, आणि ‘सरकारची रक्कम न आल्यास पालक भरतील’ असं हमीपत्रही. खात्यात तेवढे पैसे नाहीत म्हटल्यावर खिडकीतून आवाज आला, ‘मग प्रवेश कशाला घेता?’ मी तेही गिळलं. विकास शुल्क माफीत येत नाही, ते भरलं. खोलीचं भाडं, मेसचे पैसे शिलाईवरच काढते आहे.

पण परवा तुमच्याकडे भर वर्गात नावं वाचून शुल्कमाफीच्या मुलींना उभं केलं. ‘फुकटवाल्या’ म्हणाले. लेक दोन दिवस जेवली नाही.

साहेब, ती फुकट शिकत नाही. तिचं शुल्क सरकार भरतं, ते आमच्याच पैशातून. मी दोऱ्याच्या रिळावरसुद्धा कर भरते. सरकारकडून पैसे उशिरा येतात, तुम्हाला पगार थांबवावे लागतात, हे मला कळतं. त्यासाठी मंत्रालयात भांडा, आम्ही पालक तुमच्याबरोबर येऊ. पण तुमचा आणि सरकारचा हिशेब माझ्या मुलीच्या मानेवर का? शिवाय महाडीबीटी पोर्टलवरचा तिचा शुल्कमाफीचा अर्ज अजून तुमच्याच लॉगिनला पडून आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं जोडलेलं आहे. छाननी तुमच्या लिपिकाने करायची आहे. तुम्हीच पुढे न पाठवलेल्या अर्जाचे पैसे येणार कुठून?

अर्ज या आठवड्यात पुढे पाठवा. चेक आणि हमीपत्र परत करा. आणि ज्या वर्गात तिला उभं केलं, त्याच वर्गात सांगा की तिच्याकडे एक रुपयाही थकलेला नाही.

आपली,
एक पालक