मंडपाआधी उंबरा

सोयाबीनची रास चालू असताना शिबिराचा मंडप टाकायचा आणि नंतर 'बायका येतच नाहीत' म्हणून कपाळाला हात लावायचा, हे निलंग्याकडं नवं नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासायचा म्हटलं, की बाई म्हणते, "मला कुठं काय झालंय?" मजुरी बुडते, सोबत कोण येणार, तपासायला पुरुष डॉक्टर असला तर? दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईची ही कारणं अडाणीपणाची नाहीत, हिशोबाची आहेत.

हा हिशोब ओळखून केलेलं एक संशोधन आपल्या शेजारीच झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाला हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांत पहिल्या गटात या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या, चौथ्यात ६४. पॅप स्मिअरच्या गटात ५४, डोळ्यांनी पाहण्याच्या गटात ५६. गट साधारण सारख्याच आकाराचे. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं.

त्या ६४ जणींवरून पुढं वादही पेटला. तपासणीचा उपयोग माहीत असताना एक गट तसाच ठेवणं योग्य होतं का? मला तो प्रश्न अजून टोचतो. संशोधनाच्या कौतुकात तो बुजवू नये.

पण मला इथं बोलायचंय ते वेगळ्याच आकड्याविषयी. बोलावलेल्यांपैकी पाचातल्या चौघी तपासणीला आल्या! कार्यकर्त्या घरी गेल्या, एकेकीशी बोलल्या, तपासणी गावातच ठेवली, ती नर्सताईंनी केली. काही निघालं तर उपचाराची सोय आधीच लावलेली होती.

आता देशाचं चित्र बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या, ही तपासणी एकदा तरी झालेल्या बायका शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. सरकारी कार्यक्रमानं २०१६ मध्ये डोळ्यांनी पाहण्याची पद्धत धरली. ती स्वस्त आहे, निकाल जागेवर मिळतो, हे खरं. पण शेजारच्याच जिल्ह्यात तिनं मृत्यू फारसे घटले नव्हते. आणि घरी जाऊन बोलण्याचं काम? ते आपण पोस्टरवर सोपवलं.

२०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, घरी, दार लावून. म्हणजे काडी आणि नळी आशाताईच्या पिशवीतून थेट उंबऱ्यापर्यंत जाऊ शकते, रास संपल्यावर, दुपारच्या वेळेला. त्याला मंडप लागत नाही. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, हेही ठरवावं लागत नाही. कदाचित अडचण तीच असेल.