बंधुता आणि आपली यादी

१९०६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा बंधुसंघ स्थापन केला. गोऱ्यांच्या बंधुसंघांत त्यांना स्थान नव्हते. आपल्या विद्यापीठांत अशा संघांची प्रथा रुजली नाही. ते कार्य आपल्याकडे वसतिगृहांनी केले आणि त्यांत औरंगाबादच्या नागसेनवनास आम्ही अग्रस्थान देतो.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय सुरू केले. बाबासाहेबांनी त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले. भदंत नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा तो हाच. परिसराला उत्तर देणाऱ्याचे नाव, महाविद्यालयाला मात्र विचारणाऱ्याचे! इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ही योजना फार मोलाची वाटते. मराठवाड्यातील भूमिहीनांची मुले तेथे एकत्र राहिली, एका पंगतीस जेवली, एकमेकांचे लेखन वाचू लागली. डॉ. म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक याच वातावरणातले. कित्येक नवलेखकांना त्याने व्यासपीठ दिले.

स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते. त्या बंधुतेला गुणपत्रिकेची अट नव्हती.

हे लिहिण्यास कारण घडले. या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करताना शिक्षक, तलाठी, अभियंते, बँक कर्मचारी यांची नावे झरझर पुढे आली. दहावीत अनुत्तीर्ण होऊन गेलेल्यांची, चिरेखाणीत वा काजूच्या कारखान्यात राबणाऱ्यांची नावे कोणी घेतली नाहीत. ‘ते कसले माजी विद्यार्थी?’ असेही कोणी म्हणून गेले. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो, ही आमचीच चूक. याच वसतिगृहात त्यांनीही आपल्यासोबत त्रिसरण-पंचशील म्हटले होते, थंडीत एका चादरीत दोघे निजले होते.

हजेरीपटावर ज्याचे नाव एक वर्षही लागले, तो संघाचा सभासद, असा ठराव येत्या सभेत व्हावा. वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावी. जुने हजेरीपट कार्यालयाच्या कपाटात आहेत. त्यांतील नावे उतरवून घेण्याचे काम आम्ही दिवाळीच्या सुटीत हाती घेत आहोत. पत्ते मात्र वाचकांनी, आपापल्या वाडीत चौकशी करून, कळवावेत.