डिग्री घेऊन चाललात कुठं?

१५ सप्टेंबर आला की या देशातल्या इंजिनीयर लोकांना विश्वेश्वरय्या आठवतात. फोटोला हार, दोन भाषणं, समोसा-चहा, संपलं. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून हा माणूस इंजिनीयर झाला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या पब्लिक वर्क्स खात्यात नाशिकला लागला. म्हणजे आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला. इंजिनीयर मोठा, त्यात वाद नाय. पण हाराच्या भाषणात एक गोष्ट कुणी सांगत नाही. १९१८ साली म्हैसूरच्या महाराजांनी ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत जागा ठेवायचं मनावर घेतलं, मिलर कमिटी बसवली, तेव्हा या दिवाणसाहेबांना ते रुचलं नाही. त्यांनी दिवाणपद सोडलं. का? तर गुणवत्ता बुडेल, कारभार बुडेल. शंभर वर्षं उलटली, तुणतुणं तेच आहे. १९७३ साली आयआयटीत आमच्या पोरांना जागा ठेवल्या तेव्हापासून तर ते जास्तच जोरात वाजतं आहे.

ठीक. तुमची गुणवत्ता आम्ही क्षणभर खरी धरली. आता मी, मॅट्रिक पास, मोखाड्याचा, मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल, एवढंच विचारतो, की डिग्री हातात पडल्यावर ही गुणवत्ता जाते कुठं?

सगळ्यात वरचा थर विमानात बसतो. पवईचं आयआयटी १९५८ सालचं. जमीन, इमारती, प्रयोगशाळा, मास्तरांचे पगार सगळं जनतेच्या पैशातून. त्या जनतेत मोखाड्याची कातकरीण पण येते, कारण काडेपेटीवर ती कर भरतेच. तिच्या पैशावर शिकलेला पोरगा कॅलिफोर्नियात जाऊन मोबाईलवर जाहिरात कुठं दिसावी याचं गणित मांडतो. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्पने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले, तर इकडं अर्ध्या पुण्यात सुतक. आणि जाताना बॅगेत जात घालून नेतात ती वेगळीच. २०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा, की एका दलित इंजिनीयरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून खाली दाबलं, तो आरक्षणातून आयआयटीत आला हे ऑफिसात फोडलं. २०२३ साली त्या दोन माणसांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा पुढं चालू राहिला. निकालाचं कोर्ट बघेल. पण सात समुद्र ओलांडूनही 'तू कुठल्या कोट्यातला' हा प्रश्न अमेरिकेच्या कोर्टाच्या कागदावर गेला.

त्याच्या खालचा थर एमबीए करतो आणि बँकेत जातो. चार वर्षं पूल बांधायला शिकायचं आणि जन्मभर साबण विकायचा. त्याच्याही खालचा हिंजवडीला. मेकॅनिकल असो, सिव्हिल असो, सगळे कॉम्प्युटरपुढं. वर्षाला साडेतीन लाखाचा पगार, दहा-पंधरा वर्षांपूर्वी होता तोच. काम नसलं तर बेंचवर बसवतात, मग बेंचही काढून घेतात.

आणि सगळ्यात खाली कोण? खाली आपण. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीयरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि साखरेचे सम्राट शिक्षणाचे सम्राट झाले. माळरानावर चार भिंती, वर पत्रा, बाहेर कमान. 'इंजिनीयर व्हा' म्हणून आमच्या बापांना शेळ्या विकायला लावल्या. माझा चुलतभाऊ अशाच एका कॉलेजातून मेकॅनिकल झाला. स्कॉलरशिपचा पैसा सरकारकडून यायला उशीर झाला म्हणून कॉलेजने त्याचं मार्कशीट अडकवलं. वर्ष गेलं. आता तो ठाण्यात पाठीवर चौकोनी पिशवी टाकून लोकांच्या घरी बिर्याणी पोचवतो. 'बीई आहेस का रे?' असं गिऱ्हाईक विचारत नाही, 'लवकर का नाय आलास?' असं विचारतं.

२०१६ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने पाच हमालांच्या जागा काढल्या. लायकी, चौथी पास. अर्ज आले २,४२४. त्यात ९८४ पदवीधर, २५३ पदव्युत्तर, पाच तर एम.फिल. पेपरवाल्यांनी ती बातमी गमतीची म्हणून छापली. मला गंमत वाटली नाही. हमाली मी रोज करतो. पोलादाच्या कॉईलला साखळदंड लावताना बोट मधे आलं तर बोट जातं, आणि कंत्राटदार वहीत लिहितो, गैरहजर. हमालीत कमीपणा नाही. पण एका जागेला पाचशेच्या घरात माणूस, आणि त्यात शिकलेला न शिकलेल्याच्या ताटातला घास ओढतो. मग चौथी पास हमालाने कुठं जायचं?

आता जरा आमच्या मुलखात चला. घाबरू नका, एसटी जाते.

जव्हार-मोखाड्यात इंजिनीयर येतच नाहीत असं कुणी म्हणेल तर तो खोटं बोलतो. येतात. शंभर वर्षांतले सगळ्यात हुशार इंजिनीयर आमच्या दऱ्यांत येऊन गेले. पण कशाला? पाणी न्यायला! वैतरणेवरचं मुंबईचं पहिलं धरण १९५७ साली झालं. त्याच्या जलाशयाचं नाव मोडकसागर, मुंबई महापालिकेचे इंजिनीयर एन. व्ही. मोडक यांच्या नावावरून. बघा, इंजिनीयरच्या नावाचा समुद्रसुद्धा आमच्याकडं आहे. मग १९७३ साली वरच्या अंगाला अप्पर वैतरणा. मग मध्य वैतरणा, आमच्या मोखाड्याच्या कोचाळ्याजवळ, शंभर मीटरच्या वर उंच, २०१४ साली पुरं. दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी ते एकटं मुंबईला देतं. पुढं गारगाई आणि पिंजाळ कागदावर तयार आहेत. पिंजाळचं धरण जव्हारच्या खिडसे गावापाशी योजलेलं आहे. कमाल आहे तुमच्या विद्येची! डोंगर पोखरून, नळात माणूस उभा चालेल एवढे नळ टाकून तुम्ही शंभर-सव्वाशे किलोमीटर पाणी नेता आणि मलबार हिलच्या सातव्या मजल्यावर चढवता.

आणि धरणाच्या काठावरचा पाडा? तिथं फेब्रुवारी-मार्चला टँकर. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि होळीनंतर बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. कारण काय ते मला मॅट्रिकवाल्यालाही कळतं. खाली काळा पाषाण, वर वीतभर माती, उतार सगळा दरीकडं. पाणी थांबत नाही, पळतं. आणि दरीत जिथं थांबवलं तिथं ते मुंबईचं झालं. पाडा वर, पाणी खाली. ते वर आणायला पंप पाहिजे, पाईप पाहिजे, टाकी पाहिजे, वीज पाहिजे, आणि व्हॉल्व्ह बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस पाहिजे. चंद्रावर जायची गोष्ट नाय ही. दुसऱ्या वर्षाच्या सिव्हिलच्या पोराचा गृहपाठ आहे.

तो गृहपाठ कोण करतं? कुणीच नाही. २०१९ साली जलजीवन मिशन आलं. २०२४ पर्यंत घरोघर नळ, असा वायदा. २०२४ गेलं, मुदत २०२८ वर ढकलली. कित्येक पाड्यांत तोटी आली, पाणी आलं नाही. ज्या विहिरीत मार्चला बेडूक राहत नाही तिच्यावरून शंभर घरांचा नळ काढायचा आराखडा कुणी केला? बीई सिव्हिलने. त्यावर सही कुणी केली? बीई सिव्हिलने. बिल कुणी काढलं? अहो, कंत्राटदारसुद्धा बीई सिव्हिलच!

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत एक बाई घरात बाळंत झाली. जुळी. दोन्ही लेकरं डोळ्यांदेखत गेली. गाडी येईल असा रस्ता नव्हता, म्हणून रक्तात भिजलेल्या त्या बाईला डोलीत घालून तीनेक किलोमीटर दगडधोंड्यांतून खाली आणलं. तीन किलोमीटर! त्या वेळी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा चालला होता, आणि तो याच डोंगरांच्या शेजारून इगतपुरीच्या घाटात बोगदे मारत उतरत होता. बोगद्याचं गणित येतं आणि मर्कटवाडीच्या तीन किलोमीटरचं येत नाही, असं नाही. त्या तीन किलोमीटरला टोल बसत नाही. इंजिनीयर कुठं जातो ते त्याची डिग्री ठरवत नाही, पैसा ठरवतो. म्हणून मला पोरांच्या नालायकीचा कीस पाडण्यात रस नाही. पोरगा ज्या कॉलेजात शिकला तिथं चार वर्षांत त्याला एकाही मास्तरने विहीर मोजायला पाठवलं नाही. पवईतच १९८५ पासून सीतारा नावाचं एक केंद्र आहे, गावाच्या तंत्रज्ञानासाठी. तिथली काही पोरं आमच्या बाजूच्या पाड्यांच्या पाण्याचा नेटका अभ्यास करून गेली, त्यांना सलाम. पण एवढ्या मोठ्या कारखान्यात ती एक खोली आहे. बाकी सगळा कारखाना निर्यातीचा.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले तेव्हा पाणी, वीज, बांधकाम ही खाती त्यांच्याकडं आली. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या हातून पुढं गेली. ज्या माणसाने १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला त्याने पंधरा वर्षांनी देशाच्या नद्यांचा नकाशा पुढ्यात घेतला! आणि त्याच काळात त्यांनी सरकारला लिहून दिलं, की अस्पृश्यांच्या पोरांना विज्ञान आणि तंत्राचं उच्च शिक्षण द्या, परदेशी पाठवा, नुसती कला आणि कायदा यांनी भागणार नाही. त्यांना आमच्यातून पॅकेजवाले हवे नव्हते. नकाशावर सही करणारा हात आमचा हवा होता. तो हात झाला का? थोडा झाला. आमच्यातले कितीक जण कार्यकारी अभियंता झाले, बंगला बांधला, बुद्धजयंतीला पाचशेची पावती फाडली. त्यांच्या टेबलावरून मोखाड्याची फाईल सवर्णाच्या टेबलावरून जाते तशीच, तितक्याच संथपणे जाते. त्यांना राग येईल. येऊ द्या.

आता त्या पोराचं सांगतो ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. जव्हारच्या होस्टेलातला माझा दोस्त, वारली. आम्ही एका ताटात जेवलो. मी दहावीनंतर गोदी धरली, तो बीई सिव्हिल झाला, त्याच्या पाड्यातला पहिला. आपल्या तालुक्याची इंच न् इंच त्याला ठाऊक. कुठला झरा मे महिन्यात वाहतो, कुठला ओढा अडवला तर खालच्या विहिरीला पाझर लागेल, बापाकडून शिकलेलं, वर कॉलेजचं. असा इंजिनीयर सरकारने पालखीत घालून न्यायला पाहिजे. तो काय करतो? पेसाच्या भरतीची वाट बघतो, तलाठी व्हायला. २०२३ पासून ती भरती कोर्टात लटकली. २०२४ च्या ४ ऑक्टोबरला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि आदिवासी आमदार मंत्रालयाच्या जाळीवर उड्या मारतात तरी सरकार हलत नाही, तिथं माझ्या दोस्ताच्या अर्जाचं काय? खोट्या दाखल्यांवर बळकावलेल्या साडेबारा हजार आदिवासींच्या जागांचा प्रश्न निघाला तेव्हा, २०१९ साली, त्या बळकावणाऱ्यांना अधिसंख्य पदं देऊन सांभाळून घेतलं. ज्यांची जागा गेली त्यांना अधिसंख्य तर सोडा, संख्येतही धरलं नाही. मधल्या काळात दोस्त एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होता. सिमेंट कमी घालतात असं बोलला म्हणून काढला. आता वाढवण बंदराची नोकरी मिळेल म्हणून लोक त्याला सांगतात. ७६ हजार कोटींचं बंदर, याच पालघर जिल्ह्यात. मी गोदीतला माणूस आहे, दोस्ता, नव्या बंदरात माणूस नसतो, क्रेन असते. न्हावाशेवा आलं तसं आमच्या जुन्या गोदीतल्या टोळ्या गेल्या.

म्हणून मागणी. भीक नाही, मागणी.

सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला महाराष्ट्रात एक वर्षाचा बॉण्ड आहे, जनतेच्या पैशावर शिकलास, वर्षभर जनतेची सेवा कर. इंजिनीयरला का नाही? त्याचं कॉलेज काय आकाशातून पडलं? पवई, माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, प्रत्येक सरकारी पैशाच्या पदवीधराने एक वर्ष जव्हार, मोखाडा, धडगाव, मेळघाट, भामरागड इथं काढलं पाहिजे. सोलरचा दिवा देऊन फोटो काढायला नाही. पाड्यात राहायचं, टँकरचं पाणी प्यायचं, ग्रामसभेत उभं राहून आराखडा मराठीत समजावून सांगायचा, बायांनी चूक काढली तर दुरुस्त करायचा. आणि त्या वर्षभर साहेब म्हणून राहायचं नाही. वरचा साहेब माझ्या दोस्तासारखा इथलाच इंजिनीयर असेल, कायम नोकरीवर, तालुक्याच्या पाणी खात्यात. पवईवाल्याने त्याच्या हाताखाली वर्ष काढायचं आणि त्याच्याकडून गुणवत्तेचा दाखला घेऊन जायचं.

अजून एक. डॉक्टर लोक बरीच वर्षं दहा लाख दंड भरून बॉण्डमधून सुटत आले. बापाकडं असतात दहा लाख. इंजिनीयरच्या बॉण्डात ते कलम टाकायचं नाही. पैसे नकोत. माणूस पाठवा, लेव्हल मशीन घेऊन, मार्चमध्ये.