संधिवाताचे औषध आणि फ्लूची लस

शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की जो संधिवात जडतो, त्याला व्यवहारात आमवात म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो. या उलटलेल्या यंत्रणेला आवरण्याचे काम मेथोट्रेक्सेट करते. अमेरिकेत 1988 साली त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली आणि अंथरुणाला खिळू पाहणारे असंख्य रुग्ण कामाला लागले. परंतु या लाभाला एक किंमत आहे. रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधांमुळे, विशेषतः स्टेरॉइडही सोबत चालू असल्यास, इतरांना चार दिवसांत सोडणारा फ्लू या रुग्णांत न्यूमोनियापर्यंत जाण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइडमुळे कधी कधी तापही पुरेसा चढत नाही व दुखणे उशिरा ध्यानात येते.

यावर उपाय आहे तो दरवर्षी घ्यावयाच्या, निष्क्रिय विषाणूंपासून केलेल्या लशीचा. मेथोट्रेक्सेटमुळे लशीचा परिणाम काहीसा मंदावतो हे खरे. पण लस घेतल्यावर दोन आठवडे हे औषध थांबविल्यास प्रतिसाद सुधारतो, असे दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले. रोग आटोक्यात असेल तर तसे करावे, असा सल्ला अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 पासून दिला आहे. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. रुग्णाने भीतीपोटी आपणहून औषधे सोडल्यास दुखणे पुन्हा उसळते आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करणे तर घातकच.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. मेथोट्रेक्सेट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि ते स्वस्तही आहे. एका लशीच्या बाजारभावात त्याच्या अनेक महिन्यांच्या गोळ्या येतात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात प्रौढांसाठी ही लस नसल्याने तिचा भार बहुधा रुग्णाच्याच खिशावर पडतो. रुग्णालयात दाखल झाल्यावर शासकीय विमा योजना धावून येते. दाखल व्हावे लागू नये म्हणून लागणाऱ्या लशीसाठी मात्र हात आखडता घेतला जातो. या हिशेबाला काटकसर म्हणता येणार नाही.

आपल्याकडे फ्लू हिवाळ्यात व पावसाळ्यात, असा दोनदा डोके वर काढतो. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्याने स्वाइन फ्लूचा कहर अनुभवला आहे. तेव्हा शासकीय रुग्णालयांतून जेथे संधिवाताची औषधे दिली जातात, तेथेच पावसाळ्यापूर्वी ही लसही विनामूल्य मिळावयास हवी. जे औषध देऊन रुग्णाची ढाल उतरविली जाते, त्याच्याच सोबत दुसरी ढाल देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.