कायद्याची गोष्ट : सायकलचा लाल डोळा



जानेवारीतली पहाट. सव्वासहाची वेळ. नगरहून शिर्डीकडे निघालेल्या एसटीत मी अगदी पुढच्या सीटवर बसलो होतो. राहुरी मागे पडली होती. दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर धुकं आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे डोळे दिपवणारे दिवे. एवढ्यात लांबवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक लाल ठिपका चमकला. ड्रायव्हरकाकांनी लगेच वेग कमी केला. जवळ गेल्यावर पाहतो तर काय, दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल! तिच्या मागच्या मडगार्डवर एक छोटासा लाल रिफ्लेक्टर होता. बस थोडी बाजूला घेऊन काका आरामात पुढे निघाले.

दोन-तीन किलोमीटर गेलो असू. अचानक करकचून ब्रेक लागला. माझं डोकं समोरच्या दांडीवर आपटता आपटता वाचलं. समोर सायकलवर एक मुलगा होता. तुमच्याच वयाचा. पाठीवर काळं दप्तर, अंगात निळा स्वेटर. सायकलला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बस त्याच्यापासून जेमतेम चार हातांवर थांबली होती. गंमत म्हणजे मुलाने मागे वळून पाहिलं ते रागानेच! जणू म्हणत होता, 'एवढा मोठा मी, दिसत नाही का?'

काकांनी बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं आणि म्हणाले, "त्याला माझे दिवे लांबून दिसतात ना, म्हणून त्याला वाटतं मलाही तो दिसतोय. मला कुठला दिसतोय बाबा!"

आजची गोष्ट त्या एका वाक्याची आहे. आणि एका प्रश्नाची : त्या मुलाने कायदा मोडला होता का?

चला, शोधू या. मोटारसायकल, ट्रक, ट्रॅक्टर यांच्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ आहे. या वाहनांना नंबर लागतो, चालवायला लायसन्स लागतं. त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत रिफ्लेक्टरचाही नियम आहे. ट्रकसारख्या गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर हवेत. उसाच्या ट्रॉलीलाही हे लागू आहे. पण पायाने चालवायची सायकल या कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' नाही. म्हणून तिला नंबर नाही आणि तुम्हाला लायसन्स नाही.

म्हणजे सायकलला कायदाच नाही? तसं नाही हं! आपल्या राज्यात १९५१ चा पोलीस कायदा आहे. पूर्वी तो 'मुंबई पोलीस कायदा' होता, आता 'महाराष्ट्र पोलीस कायदा' म्हणतात. त्यात 'वाहन' या शब्दात सायकलही स्पष्टपणे धरली आहे. रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे असावेत, ते कुठे लावावेत आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत लावावेत, हे नियम करून ठरवायचा अधिकार त्या कायद्याने शहरात पोलीस आयुक्तांना आणि जिल्ह्यात तिथल्या अधिकाऱ्यांना दिला आहे. घरी आजोबांना विचारून पाहा. रात्री बिनदिव्याची सायकल नेली की पोलीस शिट्टी मारून अडवायचे, चाकातली हवा सोडायचे, अशा आठवणी ते सांगतील. तेव्हा सायकलला डायनामो असायचा. चाकाला घासून तो वीज तयार करायचा. ज्यांच्याकडे डायनामो नसे, ते चक्क हँडलला कंदील टांगत!

हे झालं दिव्याचं. रिफ्लेक्टरचं काय?

त्यासाठी केंद्र सरकारच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाने २०२० साली एक आदेश काढला. त्याचं म्हणणं असं, की सायकलचे रिफ्लेक्टर भारतीय मानकात बसणारे आणि आयएसआय चिन्ह असलेलेच असले पाहिजेत. उत्पादकांना तयारीसाठी मुदत वाढवून मिळाली, पण दिशा पक्की झाली. नुसता लाल प्लास्टिकचा तुकडा चिकटवून 'हा घ्या रिफ्लेक्टर' असं म्हणता येणार नाही.

आता नीट लक्ष द्या. हा आदेश कुणावर बंधन घालतो? रिफ्लेक्टर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. तुमच्या गोठ्याशेजारी भिंतीला टेकवलेली, काकांनी कॉलेजात वापरलेली आणि आता तुमच्याकडे आलेली सायकल तपासायला तो आदेश येत नाही. नव्या सायकलचा रिफ्लेक्टर पहिल्याच महिन्यात धडकून फुटला, तर तो बदलायलाही कुणी अधिकारी घरी येत नाही. तेव्हा त्या मुलाला पोलिसांनी दिव्याबद्दल विचारलं असतं, पण रिफ्लेक्टरच्या आदेशाने त्याला हातही लावला नसता. पण बस काही कायद्याचं पुस्तक वाचून थांबत नाही. कायदा जिथे संपतो, तिथून पुढे आपलं काम सुरू होतं.

आणि आपल्या भागात ते काम जास्तच आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्ह्यात ऊस वाढला, कारखाने वाढले. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. हंगामात पोलीस, आरटीओ आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. पण त्याच रस्त्यावर पहाटे क्लासला आणि संध्याकाळी शाळेतून घरी जाणाऱ्या सायकली असतात. थंडीत दिवस लहान, त्यात धुकं. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडीने अख्खं मैदान ओलांडलेलं असतं! २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत चार हजारांहून जास्त सायकलवर होती.

आता प्रश्न असा, की एवढासा लाल तुकडा करतो तरी काय? त्याच्यात ना बल्ब, ना सेल.

एक रबरी चेंडू घ्या आणि खोलीच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात तिथे, जोरात फेका. तिन्हींवर आपटून तो पुन्हा तुमच्याच दिशेने येईल. रिफ्लेक्टरच्या आत असे शेकडो इवलेसे कोपरे असतात. प्रकाश त्यात शिरतो, तीन बाजूंवर आपटतो आणि आला त्याच दिशेने परत जातो. आरसा वाकडा धरला तर प्रकाश भलतीकडे जातो, पण रिफ्लेक्टर तो जिथून आला त्या दिव्याकडेच पाठवतो. ड्रायव्हरचे डोळे दिव्याजवळच असतात, म्हणून त्याला तो चमकताना दिसतो.

हीच युक्ती चंद्रावरही आहे! २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ उतरलं, त्याच्या विक्रम लँडरवर नासाने दिलेला रिफ्लेक्टर बसवला आहे. अवघा ५ सेंटिमीटर रुंद, त्यात ८ छोटे प्रिझम. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेसर सोडला आणि तो प्रकाश परत आलेला टिपला. विक्रमला जे मिळालं, ते तुमच्या सायकलला नको?

रंगांनाही अर्थ आहे. पुढे पांढरा, मागे लाल, पायडलला पिवळा. लाल दिसला की ड्रायव्हर समजतो, हा माझ्या पुढे त्याच दिशेने चाललाय. पायडलचे पिवळे तर फार हुशार! ते खाली-वर नाचतात, त्यामुळे ही सायकल आहे हे लगेच ओळखू येतं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकली अंधारात चालवायच्या तर पायडलला रिफ्लेक्टर असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. चाकाच्या आऱ्यांमधले रिफ्लेक्टर आडव्या रस्त्याने येणाऱ्यासाठी असतात. शेतातल्या वाटेवरून ट्रॅक्टर मुख्य रस्त्यावर येतो ना, त्याच्यासाठी.

पण एक गोष्ट विसरू नका. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. समोरच्याचा दिवा पडला तरच तो जागा होतो. बैलगाडीला हेडलाइट नसतो, पायी चालणाऱ्यालाही नसतो. त्यांच्यासाठी तुमचा रिफ्लेक्टर झोपलेलाच! म्हणून पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा हवाच. दिव्याचा सेल संपला तर रिफ्लेक्टर सांभाळतो. दोघे जोडीदार आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आता आजचा गृहपाठ. वही नको, पेन नको. संध्याकाळी अंधार पडला की सायकल अंगणात उभी करा आणि बॅटरी घेऊन वीस पावलं मागे जा. बॅटरी डोळ्याशेजारी, कानाजवळ धरा आणि सायकलवर मारा. मग तीच बॅटरी ताईच्या किंवा दादाच्या हातात देऊन त्यांना दहा पावलं बाजूला उभं करा. लाल ठिपका एकदम मंद होतो की नाही? का, ते आता तुम्हाला सांगता येईल.

मग मोजा : पुढे १, मागे १, चाकांत दोन-दोन, पायडलांना दोन-दोन. झाले १०. तुमच्या सायकलला दहापैकी किती मार्क? चिखल असेल तर ओल्या फडक्याने पुसा. मागचा रिफ्लेक्टर घासाच्या भाऱ्याखाली, रेनकोटखाली किंवा दुधाच्या किटलीमागे झाकला जातो का, तेही पाहा. फुटला असेल तर सायकलच्या दुकानातून आयएसआय चिन्ह बघून नवा आणा.

आई-बाबांनो, हे मार्क प्रगतिपुस्तकात येणार नाहीत. तरी सही करण्याआधी एकदा अंगणात येऊन बघा. मुलांना सायकल घेऊन देताना आपण घंटी आणि कॅरिअर आवर्जून मागतो, रिफ्लेक्टर मात्र मागायचा राहून जातो.

त्या पहाटेचा मुलगा घंटी वाजवत पुढे निघून गेला. त्याने मागे पाहिलं तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला, तो फक्त बसच्या दिव्यामुळे. हे वाचणाऱ्यांत तो असेलच, तर दोस्ता, तुझ्यावर ड्रायव्हरकाका रागावले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते.

बाकी पुढच्या आठवड्यात. तोवर दहापैकी दहा मार्क मिळवा!